एक कोयता म्हणजे किती माणसं?

ऊसतोडीच्या मुकादमाची, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याची, वही उघडली तर तिच्यात माणसं मोजलेली दिसत नाहीत, कोयते मोजलेले दिसतात. दहा कोयते, बारा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात पडते. हंगाम संपल्यावर हिशेब कोयत्याचा होतो, म्हणजे नवऱ्याशीच होतो. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बहुतेक वेळा ती बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत ती नेते, आणि त्याआधी पहाटे कोपीसमोर, म्हणजे राहत्या खोपटासमोर, चूल पेटवून भाकरीही तीच थापते. वहीत मात्र तिच्या नावाची ओळ नसते.

शिबिरांत मला नेहमी विचारलं जातं, “ताई, स्त्रीवादाचा सिद्धांत वेगळा आणि प्रत्यक्ष काम वेगळं, नाही का?” विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. सिद्धांत विद्यापीठात जाड पुस्तकांत राहतो, काम वस्तीवर आणि पोलीस चौकीत होतं. जमलं तर वरचा विचार कधीतरी खाली उतरतो. मी उत्तराला या वहीपासून सुरुवात करते, कारण सिद्धांत त्या वहीतसुद्धा आहे. कुटुंब हे एक एकक, त्याचा प्रमुख पुरुष, बाईचे श्रम त्याच्या श्रमात आपोआप धरलेले: एवढा मोठा विचार ‘एक कोयता’ या दोन शब्दांत बसलेला आहे. मुकादमाने तो कुठे वाचलेला नाही. त्याला तो विचार वाटतच नाही, रीत वाटते. ज्याला आपण ‘नुसता व्यवहार’ म्हणतो त्याच्या पोटात असा एखादा जुना, कोणी न तपासलेला सिद्धांत असतोच. रीत म्हणून जे चालतं त्याला “असं का?” विचारायचं, आणि हाती आलेलं उत्तर एका घरापुरतं न ठेवता शंभर घरांना लावून बघायचं, एवढंच स्त्रीवादी सिद्धांत करतो.

हे कसं घडतं ते जवळून सांगते. बीड जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. समाजमंदिराच्या फरशीवर खडूने मोठं गोल घड्याळ काढलं, चोवीस घरांचं. प्रत्येकीच्या हातात चोवीस चिंचोके दिले आणि सांगितलं, कालच्या दिवसातला एकेक तास एकेक चिंचोक्याने मांडा. झोप एकीकडे, मजुरी दुसरीकडे, घरचं काम तिसरीकडे, आणि ज्यात तुम्हाला हवं ते केलंत तो वेळ चौथीकडे. पहिल्यांदा हशा पिकला. मग हळूहळू बोलणं थांबलं. पन्नाशीच्या एका बाईने सहा चिंचोके झोपेवर ठेवले, उरलेले अठरा दोन कामांत वाटले आणि चौथ्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. शेजारणीने तिच्या ढिगातला एक उचलून तिकडे सरकवला, “काल देवळात गेलती की तू.” ती म्हणाली, “देवळात गेले ते बी नातवाला कडेवर घेऊन.” आणि तो चिंचोका परत कामाच्या ढिगात ठेवला.

त्या दिवशी मी ‘पितृसत्ता’ हा शब्द उच्चारलाही नव्हता. पण नातवाला सांभाळणं म्हणजे काम, हे त्या बाईने स्वतः ठरवलं होतं. कामाची व्याख्या बदलणं हे सिद्धांताचंच काम, आणि ते तिने एक चिंचोका हलवून केलं.

हीच गोष्ट जगात इतरत्रही अशीच घडली आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बायका एकमेकींच्या घरी गोल करून बसत आणि आपापले अनुभव सांगत. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी त्याला नाक मुरडलं. हे राजकारण नाही, या बायकांचे मानसोपचार चाललेत, असं म्हटलं. त्याला उत्तर म्हणून चळवळीतल्याच कॅरोल हॅनिश यांनी 1969 मध्ये एक टिपण लिहिलं. ते पुढच्या वर्षी छापलं गेलं आणि त्याच्या मथळ्याचं जगभर घोषवाक्य झालं. मराठीत आपण ते ‘जे खाजगी ते राजकीय’ असं म्हणतो. पुष्कळांना वाटतं की हे वाक्य आधी आलं आणि मग बायका बोलू लागल्या. उलट झालं. बायका बोलल्या, प्रत्येकीची तक्रार दुसरीच्या तक्रारीसारखी निघाली, आणि मग लक्षात आलं की हा कोणा एकीच्या नशिबाचा किंवा स्वभावाचा दोष असूच शकत नाही.

चिंचोक्यांची बेरीज देशाच्या पातळीवर व्हायला आपल्याकडे 2019 उजाडलं. त्या वर्षी केंद्र सरकारने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनमजुरीची कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात असल्याचं निघालं, पुरुषांची 97. आणि हे 97 सुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात 26 निघाले, बायका 81. “बायको काय करते?” “काही नाही, घरीच असते.” या रोजच्या संवादावर आता सरकारी आकड्याचं उत्तर आहे. घरकाम हे काम आहे असं म्हणणारा विचार आधी उभा राहिला नसता तर कोणी ती मिनिटं मोजायला गेलं नसतं, कारण जे काम मानलंच जात नाही ते मोजायचं कशाला?

आता थोडं मागे जाऊ. विचार आणि कृती यांत आधी कोण, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे.

1863 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे तेव्हा दोनच वाटा असत, जीव देणं किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घेणं. फुल्यांनी तिसरी वाट दाखवली. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, बाळाला न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. अशाच एका विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. ही रोखठोक कृती होती. दाई, अंथरूण, पाणी, दूध, आणि शेजारपाजाऱ्यांच्या शिव्या.

जवळपास वीस वर्षांनी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. पुस्तक छोटंसं, पण त्याचा सवाल मूळाशी जातो. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? असतील, तर शिक्षा एकीलाच का? विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही हा नियम केला कोणी, आणि विधुराला तो का नाही? फुल्यांचं गृह एकेका बाईचा जीव वाचवत होतं. ताराबाईंनी विचारलं की तिच्यावर ही पाळी येते कशी. एकीकडे आसरा, दुसरीकडे त्या आसऱ्याची गरज निर्माण करणाऱ्या व्यवस्थेची उलटतपासणी. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभे राहिले ते जोतीरावच, 1885 मधल्या आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून.

आणि मग? मग जवळपास शांतता. ते पुस्तक विस्मरणात गेलं. साहित्याचे संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणून छापलं 1975 मध्ये, म्हणजे 93 वर्षांनी. तोवर महाराष्ट्रात स्त्रियांच्या संघटना उभ्या राहत होत्या, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, आणि एकदम कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की आपल्या प्रश्नांची मांडणी आपल्या पणजीच्या पिढीतल्या एका बाईने आपल्याच भाषेत करून ठेवली आहे. मला या 93 वर्षांचा फार त्रास होतो. विचारात काही खोट नव्हती. तो खांद्यावर घेऊन चालणारं कोणी उरलं नव्हतं. चळवळ नसेल तर धारदार विचारही कपाटात पडून राहतो.

उलटही होतं. चळवळ तापलेली असते, पण नेमकं काय मागायचं ते विचाराशिवाय सापडत नाही. 26 मार्च 1972 रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. देश या खटल्याला मथुरा प्रकरण म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि देताना एक फरक नेमका पकडला: भीतीने, असहायपणे शरीर सोडून देणं वेगळं आणि इच्छेने होकार देणं वेगळं. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे जबरदस्ती झाली असं म्हणता येत नाही, असा त्याचा रोख होता.

वर्षभर फारशी कोणी दखल घेतली नाही. मग सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: होकारात शरण जाणं असू शकतं, पण शरण जाण्यात होकार असतोच असं नाही. रात्रीची वेळ, बंद पोलीस ठाणं, समोर वर्दीतले पुरुष, आणि गरीब, अल्पवयीन, आदिवासी मुलगी. ती ओरडली नाही याचा अर्थ तिला चाललं, असा लावणाऱ्याला सत्ता म्हणजे काय ते कळलेलंच नाही.

हा शुद्ध सिद्धांत होता, ‘संमती’ या शब्दाची चिरफाड. पण तो बायकांच्या हातात पडला आणि रस्त्यावर आला. 1980 च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. पुढे 2013 च्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं गेलं की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. 1979 च्या पत्रातलं वाक्य चौतीस वर्षांनी कायद्याच्या कलमात उतरलं. मात्र जिच्यामुळे हे सगळं घडलं तिच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. आणि सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. लग्न म्हणजे कायमचा होकार, हा जुना सिद्धांत अजून कलमात ठाण मांडून आहे.

शब्दांचं महत्त्व एवढं का सांगते आहे? आपल्याकडे लग्न मोडलेल्या बाईसाठी काय बोललं जातं ते आठवा. ‘नांदत नाही.’ क्रियापद तिचं, म्हणून दोषही तिचा. किंवा ‘टाकलेली’, जुन्या भांड्यासारखी. 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यात कार्यकर्त्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी या बायकांना एकत्र करू लागल्या, इतर जिल्ह्यांतही परिषदा झाल्या, आणि ‘परित्यक्ता’ हा प्रश्न म्हणून उभा राहिला. या बायकांची एक महत्त्वाची मागणी होती रेशनकार्ड. ऐकायला किती साधं! पण कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावाने निघे, आणि प्रमुख म्हणजे बाप, नवरा नाहीतर भाऊ. बाईने स्वतःच्या नावाचं कार्ड मागणं म्हणजे ‘एकटी बाई आणि तिची मुलं हेही कुटुंबच’ असं तहसीलदाराच्या टेबलावर ठासून सांगणं. कुटुंब या संकल्पनेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या बायकांनी तोच मुद्दा अर्जात मांडला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरती घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख मानली. दरम्यान ‘परित्यक्ता’ हा शब्दही बायकांना खुपायला लागला. त्यातही कोणीतरी सोडल्याचाच उल्लेख आहे ना! आता संघटना ‘एकल महिला’ म्हणतात. त्यात विधवा येतात, अविवाहित येतात, स्वतःहून घर सोडलेल्याही येतात. नाव दिलं, वापरलं, अपुरं पडलं, बदललं.

नाव अपुरं पडतं तेव्हा ते ज्यांच्यावर अपुरं पडतं त्यांनाच आधी जाणवतं. 1990 च्या दशकात दलित स्त्रियांनी चळवळीला हेच ऐकवलं. ‘आम्ही बायका’ म्हणता तेव्हा त्यात कोण येतं? ‘बाईने घराबाहेर पडून काम करावं’ ही घोषणा जिच्या आईने, आजीने पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून हाडं झिजवली तिला काय सांगते? राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये दलित स्त्रिया वेगळं का बोलतात याची मांडणी केली. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये पुढचं पाऊल टाकलं: हा फक्त वेगळा आवाज म्हणून ऐकून सोडून द्यायचा नाही, त्याच्या जागेवरून सगळ्याच स्त्रीवादाने स्वतःला नव्याने घडवायचं. जात बाईच्या लग्नावर, तिच्या गर्भावर, तिच्या कामावर पहारा ठेवते. मग जातीला वगळून बाईचा प्रश्न सोडवणार कसा?

हे वाद कागदावर सुटत नाहीत. 2005 मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा स्त्री संघटनाच दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एक बाजू म्हणाली, हे बायकांचं पोट आहे, ते नैतिकतेच्या नावाने हिसकावू नका. दुसरी बाजू, तिच्यात दलित स्त्रीवादी कार्यकर्त्याही होत्या, म्हणाली की ठरावीक जातींच्या बायकांनाच पुरुषांपुढे नाचवण्याची परंपरा आहे, तिला रोजगार म्हणून कसं उचलून धरायचं? सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी रद्दच ठरवली. मला स्वतःला पहिली बाजू अधिक पटते, कारण बंदीनंतर उपाशी कोण राहिलं हे उघड आहे. पण दुसऱ्या बाजूचा प्रश्न मी मनातून काढू शकत नाही, आणि काढू नये असंही मला वाटतं.

आता पुन्हा ऊसाच्या फडात येऊ. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ ही आपली आवडती घोषणा इथे लावून बघा. पुष्कळजणींनी निर्णय स्वतःच घेतला होता. अंगठाही त्यांचाच होता. पण फडात ना संडास, ना आंघोळीला आडोसा, ना पुरेसं पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची. एक दिवस बसलं की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. दुखणं घेऊन दवाखान्यात जावं तर ऐकायला मिळतं, “पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.” सही करण्याआधीच बाकी सगळे रस्ते बंद झालेले असतात, त्या सहीला निर्णय म्हणायचं का?

शिकागोमध्ये 1994 साली जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना हाच पेच पडला होता. निवडीचा हक्क त्यांना पुरेना. मूल नको असण्याचा हक्क, हवं असण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्क, असे तिन्ही एकत्र धरून त्यांनी ‘प्रजननविषयक न्याय’ ही कल्पना मांडली. ती फडाला नीट बसते, कारण ती पाणी, आडोसा, मजुरी आणि सुट्टी या सगळ्यांना शरीराच्या प्रश्नातच धरते. म्हणूनच बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली हे बरंच झालं, पण तेवढ्याने भागत नाही. खाडा तसाच आहे. कोयता तसाच आहे.

त्यामुळे संघटनांची एक मागणी आहे: बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद करा, ओळखपत्र तिच्या नावाने द्या, मजुरी तिच्या खात्यात टाका. ही मागणी मी त्या चिंचोक्यांच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितली. घड्याळ अजून फरशीवर होतं. एक कोयता नाही, दोन मजूर. वहीत दोन नावं, असं मी म्हणाले. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एकीने मात्र हात वर केला.

“ताई, नाव लागलं तर उचल बी माझ्या नावावर बसंल की. यंदा फिटली नाही उचल. आता निदान मुकादम नवऱ्याला धरतो. उद्या मला एकटीला धरंल, त्याचं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वतंत्र मजुरीचा विचार आम्ही केला होता, स्वतंत्र कर्जाचा केला नव्हता. मी तो प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतला. नंतर वकील मैत्रिणींपुढे ठेवला, संघटनेच्या बैठकीत ठेवला. उचल हे कर्ज की आगाऊ मजुरी, ती फेडायची जबाबदारी कोणावर आणि कितीपर्यंत, हे आधी ठरवल्याशिवाय नोंदणीची मागणी पुढे रेटायची नाही, इथवर आम्ही आलो आहोत. टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतील. तोवर मागणीचा नवा मसुदा तयार करून त्याच समाजमंदिरात वाचून दाखवायचा आहे, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या बाईला या वेळी पुढे बसवायचं आहे.